ख्रिस्तपुराणाची मंगळुरी पाठपरंपरा

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव मराठी वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांत आढळतें. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या चारदोन ओव्याहि पुष्कळांच्या कानांवरून गेलेल्या असतात. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाचा परिचय बहुधा तेथेंच सुरू होतो व तेथेंच संपतो. भाषेची स्तुति करणारा परकी पाद्री म्हणून आपण ग्रंथकाराचें कौतुक करतों. पण ज्या लोकांसाठीं त्यांनीं ग्रंथ रचिला, त्यांनीं तो तीन शतकें कसा सांभाळला, आणि सांभाळतां सांभाळतां त्यांत काय बदललें, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस तरी हा विचार टाळतां येणार नाहीं, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

ह्या ग्रंथाचीं दोन रूपें आज आपणांपुढें आहेत. एक रोमन लिपींतलें. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत राहिलेल्या हस्तलिखित प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनीं तें १९०७ सालीं मंगळूर येथें छापून प्रसिद्ध केलें. दुसरें देवनागरींतलें. विल्यम मार्सडेन ह्या इंग्रज पंडितानें आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तो पुढें तेथील पौर्वात्य विद्यालयांत गेला. त्या संग्रहांत एक देवनागरी हस्तलिखित होतें. तें ख्रिस्तपुराणच आहे हें १९२० नंतरच्या वर्षांत जस्टिन ॲबट यांनीं विद्वानांच्या नजरेस आणून दिलें. महाराष्ट्रीय संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे ते हेच ॲबट. त्यांनीं ह्या प्रतीस मूळ देवनागरी पाठ असें म्हटलें. दोन पाठांतला ठळक भेद असा कीं, मंगळुरी पाठांत जेथें पोर्तुगीज अथवा लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, तेथें मार्सडेन प्रतींत बहुधा संस्कृत शब्द येतात. तेव्हांपासून आपल्याकडे एक मत रुजलें आहे. मार्सडेन प्रत म्हणजे शुद्ध मूळ, आणि मंगळुरी पाठ म्हणजे नकलकारांच्या हातीं बिघडून आलेला भ्रष्टावतार. हें मत प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं.

संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या माणसानें संस्कृत शब्दांच्या विरुद्ध पोर्तुगीज शब्दांची वकिली करावी, ह्याचें कोणास हंसूं आल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु पाठनिर्णयाच्या कामीं आवडीनिवडीस स्थान नसावें. संस्कृत शब्द दिसला कीं तो मूळचा, आणि परकी दिसला कीं तो मागाहून घुसलेला, हा तर्क नसून आपल्या अभिरुचीचा हुकूम आहे.

आधीं ग्रंथाचा जन्म पाहूं. स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. मधल्या चाळीस वर्षांतला बहुतेक काळ त्यांनीं साष्टींत काढिला. साष्टी म्हणजे गोव्याची साष्टी; मुंबईशेजारची नव्हे. त्या प्रांतांतील देवळें १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें उध्वस्त केलीं होतीं. त्या सुमाराच्या धामधुमींतच कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनीं अंत्रुज महालांत हलविलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. त्यांचीं प्रेतें ताब्यांत घेण्याच्या कामीं स्टीफन्स होते. पुढें सूड म्हणून त्या गांवच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून मारण्यांत आलें. ही पार्श्वभूमि झांकून ठेवून ह्या पुराणाची चर्चा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. ह्या ग्रंथाचे पहिले श्रोते सर्वच आपखुशीनें आलेले नव्हते.

ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंगहि हेंच सांगतो. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वेळीं एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींना विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? ह्या प्रश्नाकडे आजवरच्या टीकाकारांनीं केवळ प्रस्तावनेची युक्ति म्हणून पाहिलें. आम्हांस त्यांत त्याहून अधिक कांहीं दिसतें. विचारणाऱ्यानें नव्या धर्माचा स्वीकार केला आहे; पण ज्या रीतीनें मनुष्य आपला धर्म दिवसानुदिवस बाळगतो, ती रीत, म्हणजे सायंकाळीं चार माणसें जमवून पोथी लावण्याची रीत, त्याला सुटत नाहीं. सिद्धान्त बदलला तरी भक्तीचें भांडें जुनेंच हवें असतें. स्टीफन्स यांचा मोठेपणा त्यांच्या मराठीच्या स्तुतींत नसून, हा प्रश्न त्यांनीं उद्धटपणा मानिला नाहीं, ह्यांत आहे. त्यांनीं ओवी घेतली, नमनाची परिपाटी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलें. प्रकरणास त्यांनीं ‘अवस्वरु’ असें नांव दिलें. (ह्या शब्दाचा संबंध ‘अवसर’ शब्दाशीं असावा असें आमचें मत आहे, जुन्या मराठी ग्रंथांतील ‘प्रसंग’ ह्या शब्दाशीं तो अर्थानें जुळतो.)

ग्रंथ १६१६ सालीं रायतूर, म्हणजे आजचें राचोल, येथें छापला गेला. त्याच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. तीनहि रोमन लिपींत. देवनागरी ठसे पाडावे अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रांत त्यांनीं रोमच्या वरिष्ठांस ती कळविली, आणि सहाशें ठशांची अडचण सांगून तें काम दोनशेंच्या आसपास ठशांत भागवितां येईल असा तोडगाहि सुचविला. ती इच्छा फळास आली नाहीं. ह्या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. गोव्यांतला छापखाना १५५६ सालीं आला. १६७४ नंतर तो बंद पडला तो १८२१ पर्यंत. म्हणजे १६५४ ची आवृत्ति झिजल्यावर पुराण वाचूं इच्छिणाऱ्यास एकच मार्ग उरला. कागद घ्यावा, बोरू घ्यावा, आणि नक्कल करावी.

ह्या गोष्टीचें महत्त्व संग्राहकांच्या ध्यानांत चटकन् येईल. सर्वत्र ग्रंथ हस्तलिखितांतून छापखान्याकडे जातो. येथें तो छापखान्यांतून हस्तलिखितांकडे परतला, आणि अडीचशें वर्षें तेथेंच राहिला. छापील पुस्तकाच्या मागें पाद्रींचा परवाना असतो, संस्थेचा पैसा असतो. हातानें उतरलेल्या प्रतीमागें केवळ उतरणाऱ्याची गरज असते. सक्तीच्या काळांत जन्मलेला ग्रंथ पुढें विनासक्तीचा कसा झाला, हें पाहण्यास ह्याहून उत्तम पुरावा शोधूं म्हणून सांपडणार नाहीं. १६१६ सालच्या वाचकाच्या श्रद्धेविषयीं कोणी शंका घेतली तर आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु ज्यानें अकरा हजार ओव्या स्वतःच्या हातानें उतरून घेतल्या, त्याच्या श्रद्धेविषयीं शंका घेणारा मनुष्य नकलकाराच्या पाठीची व्यथा जाणत नसला पाहिजे.

आतां पाठांच्या वादाकडे वळूं. पाठचिकित्सेंत एक जुना नियम आहे कीं, दोन पाठांतून कठीण पाठ मूळचा मानावा. कारण नकलकार कठिणाचें सोपें करतो, सोप्याचें कठीण करीत नाहीं. मार्सडेन पक्षाची भिस्त ह्या नियमावर आहे. संस्कृत संज्ञा कठीण, म्हणून मूळची. पोर्तुगीज संज्ञा ख्रिस्ती माणसाच्या नेहमींच्या तोंडची, म्हणून मागाहूनची. पण कठीण कोणास? साष्टींतल्या अथवा मंगळूरच्या ख्रिस्ती नकलकारास संस्कृत शब्द अवघड आणि क्रूस, इग्रेज ह्या जातीचे शब्द सोपे, हें खरें. उलट देवनागरींत लिहिणारा, मराठी ग्रंथांत मुरलेला लेखक घ्या. त्याला पोर्तुगीज संज्ञा बोजड आणि संस्कृत शब्द हाताशीं असलेला. तोहि कठिणाचें सोपेंच करील, पण त्याचें सोपें वेगळें. म्हणजे हा नियम दोन्ही बाजूंनीं सारखाच कापतो. लिहिणारा कोण, हें ठरल्यावांचून त्याचा उपयोग नाहीं.

मग दुसरा पुरावा पाहावा. स्टीफन्स यांचीच कोंकणींतली धर्मप्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूरलाच छापली गेली. तींत मुख्य धर्मसंज्ञा पोर्तुगीज ठेविल्या आहेत. ट्रेंटच्या धर्मसभेनंतरच्या त्या काळांत अशा संज्ञांच्या बाबतींत वरिष्ठांची नजर कडक होती. देशी शब्द वापरला तर त्याच्या मागोमाग देशी कल्पना येईल ही भीति. तेव्हां परवान्यानें छापलेल्या पुराणांतहि ह्या संज्ञा परकीच असाव्या, हें अधिक संभवनीय दिसतें. शिवाय ग्रंथकारांनीं प्रस्तावनेंत स्वतःच सांगितलें आहे कीं, केवळ शुद्ध मराठी येथील सामान्य लोकांस कळणार नाहीं, म्हणून जुन्या कवींचे पुष्कळ शब्द टाकून ब्राह्मणांच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत. ज्या ग्रंथकाराचें धोरण मिसळण्याचें, त्याच्या ग्रंथांत मिसळ दिसली कीं ती भेसळ म्हणावी, हा न्याय नव्हे. आमचा निष्कर्ष असा आहे कीं, मंगळुरी पाठांतल्या धर्मसंज्ञा बव्हंशीं छापील आवृत्तीच्या आहेत. मार्सडेन प्रत ही एकतर छापण्यापूर्वींच्या खर्ड्याची वंशज असावी, अथवा देवनागरी वाचकांसाठीं मुद्दाम संस्कृताकडे झुकवून तयार केलेली असावी. दोन्ही अर्थीं ती मोलाची. मात्र तिच्या मोलानें दुसरीचें मोल कमी होत नाहीं.

मंगळुरी पाठांत नंतरचे फेरफार मुळींच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. ते असणारच. उलट आमचें म्हणणें असें कीं, तेच सर्वांत मोलाचे आहेत. ते कां, हें समजण्यास ह्या लोकांची वाटचाल पाहिली पाहिजे.

गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानड्यांत उतरलीं. कारणें एक नव्हतीं. दुष्काळ होते. संभाजी महाराजांची १६८३ ची स्वारी झाली, १७३९ सालीं मराठ्यांची फौज पुन्हा साष्टींत शिरली. पोर्तुगीजांच्या बाजूनेंहि सुख नव्हतें. धर्मन्यायासनाचा ससेमिरा १५६० पासून होताच. त्यांत २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट ह्यानें फर्मान काढिलें कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. म्हणजे साठसत्तर वर्षांपूर्वीं ज्या सत्तेच्या छत्राखालीं पाद्रींनीं लोकांच्या भाषेंत पुराण लिहून दिलें, तीच सत्ता आतां ती भाषाच सोडा म्हणूं लागली. श्रद्धावंतास शत्रूकडून येणाऱ्या संकटाची तयारी असते. आपल्याच छत्रधाऱ्याकडून अशी उलट लाट येईल अशी नसते. जे बाहेर पडले त्यांनीं सत्ता मागें टाकिली, भाषा व पुराण बरोबर नेलें. ज्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं देव उचलून अंत्रुजांत नेले आणि ज्यांनीं नंतर पुराणाच्या वह्या कानड्यांत नेल्या, त्या दोन्ही लोकांचें कृत्य आम्हांस एकाच जातीचें वाटतें. असें म्हटल्यानें दोन्ही बाजूंचे कांहीं वाचक रागावतील. त्यास इलाज नाहीं.

कानड्यांत ह्या लोकांवर सर्वांत मोठें संकट १७८४ सालीं आलें. मागील युद्धांत इंग्रजांस मदत केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांस एकाच वेळीं धरून घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेलें. पाद्री हद्दपार झाले, मंदिरें पाडलीं गेलीं. पुष्कळ माणसें वाटेंत व कैदेंत मेलीं. तरुणांस बळेंच सुंता करून फौजेंत घातलें. ही कैद श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ रोजीं पडेपर्यंत टिकली. (परंपरेनें धरपकडीचा दिवस २४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार, असा सांगतात. त्या वर्षीं ईस्टर ११ एप्रिल रोजीं होता. त्यावरून मागें गणित केल्यास राखेचा बुधवार २५ तारखेस येतो. एक दिवसाची ही चूक तारखेची असेल वा वाराची. पण लोकस्मृतीनें संकट उपवासकाळाच्या अगदीं उंबरठ्यावर नेऊन ठेविलें आहे, आणि तें साधार आहे.)

पंधरा वर्षें! पाद्री नाहीं, मंदिर नाहीं, संस्कार नाहींत. जो मुलगा कैदेच्या वाटेवर जन्मला तो सुटकेच्या वेळीं पंधरा वर्षांचा झालेला. त्याला ख्रिस्ती कोणीं ठेविलें? मंगळूरकडील परंपरा सांगते कीं, कैदेंत पुराणानें धीर दिला. ह्या परंपरेचें आजवर एकतर भाविकपणें कौतुक झालें, नाहींतर कागदांच्या गठ्ठ्यांसह घाट कोण चढला असेल, असें म्हणून तिची थट्टा झाली. दोन्ही पक्ष पुराण म्हणजे पुस्तक असें धरून चालतात. आमच्या नाट्याच्या खाडीकांठीं चार पावसाळे काढलेल्या माणसास पुस्तक कसें टिकत नाहीं हें सांगावें लागत नाहीं. चुलीवरच्या माळ्यावर धुरांत ठेविलेलें दप्तर तेवढें जगतें. बाकीचें वाळवी आणि ओल वांटून घेतात. तरीहि ह्या किनाऱ्यावरील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीं हजारों ओव्या राहिल्या. ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात व चौथा आंखूड असतो. ती रचनाच मुळीं कागदावांचून प्रवास करण्यासाठीं झालेली. तेव्हां कैदेंत पुराण होतें ह्याचा अर्थ वह्या होत्या असा घेण्याचें कारण नाहीं. एखाद्या घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडीं दुसऱ्या पुराणांतला ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा भाग, पहिल्यांतली मिसर देशांतल्या दास्याची कथा, असें तुटक तुटक राहिलें असलें तरी परंपरेचें म्हणणें शाबूत राहतें. अर्थात् एकट्या पुराणानें धर्म राखला असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. घरोघरची जपमाळ आणि नित्याच्या प्रार्थना ह्यांचा वांटा त्यांत मोठा असला पाहिजे.

परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पहिल्या पुराणांत इस्राएलांचें दास्य व सुटका येतात. १६१६ सालच्या साष्टींतल्या वाचकास तो जुन्या कथांच्या जागीं आलेला एक नवा कथाभाग होता. १७८४ नंतर तोच भाग ऐकणाऱ्यास ती स्वतःची हकीकत झाली. ओवी तीच, शब्द तेच, आणि अर्थ पार वेगळा. ग्रंथकारानें हें योजिलें नव्हतें, योजितां आलेंहि नसतें. टीकाकार ग्रंथाचें मूल्य ठरवितांना ग्रंथकारानें त्यांत काय घातलें तेवढेंच मोजतात. पण नित्य वाचनांतला ग्रंथ अशा रीतीनें दर पिढीस नवीन होत जातो, आणि ज्यांना तो धरून राहावयाचें असतें ते त्याला आपल्या दिवसांच्या मापानें पुन्हा वाचतात.

तोंडीं राहिलेला पाठ पुन्हा कागदावर उतरला, अथवा जुनी वही मौखिक स्मरणाशीं ताडून दुरुस्त झाली, तर काय होईल? जो शब्द रोजच्या प्रार्थनेंत आहे तो टिकेल. जो केवळ पुराणांतच आहे तो ढिला पडेल. प्रार्थनेंतल्या संज्ञा पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या. म्हणून मंगळुरी पाठ कालांतरानें त्या बाजूस आणखी थोडा झुकला असेल, तर त्यांत कोण्या पाद्रीचा हस्तक्षेप शोधण्याची जरूर नाहीं. आणि विशेष हें कीं, इतकें होऊनहि त्या पाठांत वैकुंठ हा शब्द राहिला. क्रूस आणि वैकुंठ एकाच पोथींत शेजारीं शेजारीं नांदले. घरांत कोंकणी बोलणाऱ्या, बाजारांत तुळू व कानडी बोलणाऱ्या लोकांनीं मराठीचें हें पुराण आपलें म्हणून राखिलें, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासांत त्या स्तुतीच्या ओव्यांपेक्षां मोठी आहे.

हाच वाद आपण ज्ञानेश्वरीच्या बाबतींत पाहिलेला आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शोधिला. स्टीफन्स तेव्हां साष्टींत नुकतेच रुळत होते. नाथांस शोधनाची गरज कां वाटली? कारण ज्ञानेश्वरी वाचली जात होती. वाचली जात नसती तर तिचा पाठ बिघडलाहि नसता. पुढें १९०९ सालीं, म्हणजे सालढाणांच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनीं, राजवाड्यांनीं नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. पंडितांत तिच्या जुनेपणावर वाद झाले. वारकऱ्यांनीं आपला पाठ सोडला नाहीं. राजवाड्यांविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. पण जुनी प्रत सांपडली म्हणून सांप्रदायिक पाठ रद्दींत जात नाहीं, हें आपण ज्ञानेश्वरीच्या बाबतींत निमूटपणें मान्य केलें. ख्रिस्तपुराणाच्या बाबतींत मात्र सांप्रदायिक पाठाला भ्रष्ट म्हणण्यास आपली जीभ अडखळत नाहीं. मंगळूरचे ख्रिस्ती लोक आपले वारकरी नाहींत, एवढेंच त्याचें कारण असावें.

संपादनाकडे वळल्यावर एक गाऱ्हाणें मांडलें पाहिजे. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत ख्रिस्तपुराण देवनागरींत छापलें. तो मोठाच उपकार; त्यामुळें मराठी वाचकाच्या हातीं ग्रंथ प्रथमच त्याच्या स्वतःच्या लिपींत आला. पुढें १९९६ सालीं कारिदाद द्रागो यांची आवृत्ति आली, २००९ सालीं नेल्सन फाल्कांव यांची; ह्या दोघांनीं ग्रंथाचा अर्थ सुगम करण्याचें काम कसोशीनें केलें आहे. परंतु रोमन पाठ देवनागरींत उतरवितांना मूळच्या कांहीं खुणा अपरिहार्यपणें पुसल्या जातात. रायतूरच्या छापखान्याची रोमन लेखनपद्धति पोर्तुगीजावरून घेतलेली. ‘श’ साठीं एक अक्षर, ‘क’ साठीं स्वरापरत्वें दोन, आणि मूर्धन्य वर्ण दाखविण्यास व्यंजनाचें द्वित्त. पुराण शब्दांतला ‘ण’ असाच दुहेरी न-कारानें लिहितात. नकलकारानें एक न-कार गाळला कीं ‘ण’ चा ‘न’ झाला. तो लेखनदोष कीं उच्चारांतला बदल, हें केवळ रोमन रूप पुढें असतांनाच ठरवितां येतें. देवनागरी करणारा संपादक शब्द ओळखून बरोबर वर्ण घालतो, आणि त्याच क्षणीं पुरावा नाहींसा होतो. देवनागरींत लिहिलेल्या जुन्या मराठी पोथ्या अन्त्य अकाराचा उच्चार होत होता कीं नाहीं हें सांगत नाहींत. रोमन पोथी सांगते. म्हणून दोन्ही लिप्या समोरासमोर ठेवून, पाठभेद तळाशीं देऊन काम व्हावें.

यमकाच्या जागा तर आधीं तपासल्या पाहिजेत. ओवीला मात्रांचें किंवा गणांचें बंधन नसल्यामुळें चरणाच्या मधला शब्द बदलला तर मागमूस राहत नाहीं. चरणान्तींचा शब्द बदलला तर तीनहि चरण हलवावे लागतात. जेथें दोन पाठांचीं यमकें वेगळीं आहेत तेथें फेरफार सहेतुक आहे. जेथें यमक एका पाठांत जुळतें व दुसऱ्यांत लंगडतें तेथें लंगडणारा पाठ मागाहूनचा. हें काम कंटाळवाणें आहे खरें, परंतु अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथास तेवढा कंटाळा सोसणारा कोणी तरुण निघावा.

ओघांत एक आठवण करणें उचित होईल. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं मराठींत ख्रिस्तचरित्राचें महाकाव्य आरंभिलें, आणि थोडे अध्याय लिहून १९१९ सालीं ते वारले. पतीच्या धर्मान्तरानंतर कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिलेल्या, आणि मग स्वतःच्या मनानें त्याच वाटेवर आलेल्या लक्ष्मीबाईंनीं म्हातारपणीं तें काव्य पुढें चालविलें. त्यांतले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. त्या १९३६ सालीं गेल्या; ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. काव्य ह्या दृष्टीनें स्टीफन्स यांची ओवी त्याहून घट्ट विणीची आहे, हें निर्विवाद. पण येथेंहि एका हातांतून पडलेला ग्रंथ दुसऱ्या हातानें उचलला. कोणता अध्याय कोणाचा हें ठरवून टिळकांचे तेवढे अस्सल आणि बाकीचे भर घातलेले, असें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. मंगळूरच्या निनांवी नकलकारांसाठीं आम्ही एवढाच न्याय मागतों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मालवण, वेंगुर्लें, कारवार ह्या बाजूंच्या जुन्या घरांतून रोमन अक्षरांची हस्तलिखित वही मिळाल्यास ती पोर्तुगीज कागदपत्र समजून बाजूस टाकूं नये. मोठ्यानें वाचून पाहावी. ओवी कानास लगेच ओळखूं येते. वर्णन लिहितांना पानें, ओळी, कागदाचा पाणछाप, शेवटच्या पानावरील लेखकाचें नांव व तारीख हें तर घ्यावेंच. पण त्याबरोबर कोणत्या अवस्वरूचे कांठ हातांनीं मळून काळे पडले आहेत, मेणबत्तीचें मेण कोठें सांडलें आहे, कोणत्या ओवींत एक शब्द खोडून त्यावर दुसरा लिहिला आहे, आणि तो दुसऱ्या शाईंत वा दुसऱ्या हातचा आहे काय, हेंहि टिपून ठेवावें. वह्या स्वच्छ करण्याच्या भरांत हे डाग कृपा करून कोणी पुसूं नयेत.